खटका वाजल्यावर

धुळ्याहून सोनगीरला यायला एसटीला अर्धा तास लागतो, आणि त्या शनिवारी त्या अर्ध्या तासात सरिताने मांडीवरची पिशवी निदान दहा वेळा उघडून आत डोकावून बघितलं. शेजारच्या बाईला वाटलं, ही कोंबडीची पिल्लं घेऊन चालली आहे. पिशवीत पिल्लं नव्हती, दोन कॅमेरे होते. एक जुना आणि भला थोरला, दुसरा नवा आणि मुठीत मावेल एवढा. सोमवारी सकाळी त्यातला एक परत द्यायचा होता आणि दुसरा तिचा स्वतःचा होणार होता. कुठला ठेवायचा ते अजून ठरत नव्हतं.

सरिता ही सोनगीरच्या दगडीबाईची सून. नवरा कुंदन सुरतेला कापडाच्या कारखान्यात, आणि ती स्वतः नऊ वर्षं धुळ्यात जगदीशभाऊंच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर. फोटो काढायचे जगदीशभाऊंनी आणि त्यातली माणसं माणसांसारखी दिसायला लावायची सरिताने. नवरदेवाचे मिटलेले डोळे ती दुसऱ्या फोटोतून काढून आणून बसवायची, मामाच्या टकलावरची चमक पुसायची, मांडवात मध्येच घुसलेला कुत्रा गायब करायची. हे सगळं तिच्या हातचा मळ होता. एकच गोष्ट काही केल्या जमली नव्हती. ताठरलेल्या चेहऱ्यावर हसू चिकटवता येत नव्हतं. एकदा एका व्याह्यांना चिकटवून पाहिलं, तर ते दाढ दुखत असल्यासारखे दिसायला लागले.

यंदा जगदीशभाऊंच्या गुडघ्यांनी राम म्हटला आणि त्यांनी बाहेरची कामं बंद केली. शनिवारी दुपारी त्यांनी सरितापुढे टेबलावर दोन्ही कॅमेरे ठेवले.

"हा माझा डीएसएलआर. बारा वर्षं झाली, पण घोडा आहे घोडा. दोन लेन्स, फ्लॅश, बॅग, सगळं देतो. आणि हा नवा कॉम्पॅक्ट, आग्रा रोडच्या दुकानातून बघायला आणलाय. अंधारातसुद्धा चेहरा धरतो, पडदा वर-खाली वळतो, आवाज नाही. किमतीला दोन्ही सारखेच पडतील तुला. उद्या घरी वापरून बघ, आणि सोमवारी एक परत आण."

"तुम्ही कुठला घेतला असता?"

"मी म्हातारा माणूस, मला काय विचारतेस," जगदीशभाऊ म्हणाले, पण बोलता बोलता त्यांचा हात जुन्या कॅमेऱ्याच्या झिजलेल्या पट्ट्यावर फिरत होता.

आता ही निवड नुसती हौसेची नव्हती. पुढच्याच रविवारी दगडीबाईच्या भाऊबंदांची कानबाई बसणार होती. श्रावणातला हा सण म्हणजे सुरत, पुणे, नाशिक जिथे कुठे पांगलेले भाऊबंद असतील त्यांनी गावी येऊन देवीच्या नैवेद्याचे रोट खायचे. रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला त्यातला कणही चालत नाही. त्यामुळे दर वर्षी धुळ्याहून बोलावलेला फोटोवाला ऐन रंगाच्या वेळी ओट्यावर बसून जांभया देत असे, आणि घरातले फोटो कोणाकडेच नसत. सरिताने आपलं नाव पुढे केलं होतं. कुळातले थोरले अभिमन आबा यांनी मिशीत हसून तिला सांगितलं होतं, "रविवारले बठ्ठास्ना फोटो काढी दखाड. आवडनात तं कानबाईनं काम तुनं. नहीतं धुळावाला शेच."

म्हणजे उद्याचा रविवार हा सगळ्यांचे फोटो काढून दाखवायचा, परीक्षेचा दिवस होता. नऊ वर्षं दुसऱ्याने काढलेले चेहरे दुरुस्त केल्यावर स्वतः काढलेल्या चेहऱ्यांवर पोट भरायला तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळणार होतं, नाहीतर पुन्हा तीच खुर्ची. रात्री कुंदनचा सुरतेहून फोन आला. तो म्हणाला, "मोठाच ले. लोके कॅमेराले मान देतस, माणूसले नही." यात तथ्य होतं, म्हणूनच तिला त्याचा राग आला.

रविवारी सकाळी तिने मोठा कॅमेरा गळ्यात अडकवला आणि अंगणात पाय ठेवला, तर काय सांगावं! शेजारच्या दोन घरांतून माणसं आपण होऊन बाहेर आली. कोणी तोंड धुऊन आलं, कोणी टोपी घालून आलं. अभिमन आबा बाजेवरून उठले आणि धोतराचा सोगा सारखा करत म्हणाले, "हां, याले म्हनतस कॅमेरा." त्यांचा धाकटा भाऊ चिंधा नाना त्यांच्या शेजारी छाती काढून उभा राहिला. दगडीबाईला सरिताने हाताला धरून मध्ये बसवलं.

सरिताने डोळा लावला. बोट दाबलं. खटाक्.

आवाज असा की ओट्यावरची चिमणी उडाली. सरिताच्या अंगावर काटा आला, आनंदाने. तिने पाच-सहा फोटो काढले आणि सावलीत जाऊन पडद्यावर पाहिले. फोटो स्वच्छ होते, रंग झकास होते आणि माणसं मेलेली होती. आबा, नाना, पलीकडची वना काकू, सगळे पासपोर्ट काढायला बसल्यासारखे. आणि दगडीबाई? लेकरं जगत नाहीत म्हणून तिच्या आईबापांनी दृष्ट लागू नये असं दगडी हे नाव ठेवलं होतं, पण फोटो बघून वाटावं की नाव चेहऱ्यावरून पडलं असेल. सरिता नऊ वर्षं हेच चेहरे पाहत आली होती. आता कॅमेरा तिच्या हातात होता आणि तरीही चेहरे तेच निघाले, याचं तिला फार वाईट वाटलं.

"आते हाऊ देखा," म्हणून तिने छोटा कॅमेरा काढला.

"हाई काय शे वं?" आबांनी विचारलं. "तंबाखूनी डबी?"

अंगण हसलं. मोठ्या कॅमेऱ्याला मिळालेला मान एका क्षणात धुळीला मिळाला. तरी माणसं सुनेच्या प्रेमापोटी पुन्हा उभी राहिली. सरिताने पडदा वर वळवला, कॅमेरा पोटाशी धरला आणि बटण दाबलं. कसलाच आवाज झाला नाही. तिने पुन्हा दाबलं. समोरची माणसं तशीच. चिंधा नानाचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा व्हायला लागला.

"निंघना का वं?" दातावरचा दात न हलवता त्याने विचारलं.

"निंघी गया ना, नाना. चार निंघनात."

"खटका तं वाजना नही!" नानाने भस्सकन श्वास सोडला. "खटका वाजावाशिवाय दम कसा सोडानं?"

आणि इथेच सगळी गोम होती. या अंगणातल्या माणसांचे फोटो आजवर जगदीशभाऊंसारख्यांनीच काढलेले. फोटो म्हणजे श्वास धरायचा, खटका वाजला की सोडायचा, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. खटकाच नाही म्हटल्यावर ती बिचारी किती वेळ धरून बसणार? सरिताने धडपडून कॅमेऱ्यातला आवाज चालू केला. त्यातून पिक् असा काहीसा बारीक सूर निघाला. "मोबाईल शे हाऊ," आबा म्हणाले आणि विषय संपला.

सरिताने मनातल्या मनात मोठा कॅमेरा घेऊन टाकला. ताठ तर ताठ, निदान मान तरी राहील. आता तिला फक्त छोट्याचा शेवटचा एक फोटो काढून गप्प बसायचं होतं. "एक डाव हुभा ऱ्हा बरं," ती म्हणाली. पुन्हा सगळे उभे राहिले, पुन्हा श्वास धरले.

दगडीबाईला मात्र आता या खेळाचा कंटाळा आला होता. तिने बसल्या जागी कनवटीची चंची सोडली, सुपारी काढली आणि अडकित्ता. सोनगीरच्या तांबट आळीत घडवलेला, पितळी मुठीचा, तिच्या लग्नातला अडकित्ता. तिने सुपारी पात्यात धरली आणि मूठ आवळली.

खट्!

सगळ्यांना वाटलं, निघाला. एका दमात सगळ्यांचे खांदे खाली आले. आबांनी मान वळवून नानाकडे बघितलं, नानाची टोपी कपाळावर घसरली, वना काकूने पदराने घाम पुसला, आणि आपल्या एका सुपारीने एवढी माणसं फसली हे ध्यानात येऊन दगडीबाई हसली. साधंसुधं हसली नाही. डोळे बारीक करून, खालच्या एकुलत्या दातासकट, पोरीसारखी हसली.

सरिताचं बोट बटणावरच होतं. तिने ते किती वेळा दाबलं तिचं तिलाच कळलं नाही. आवाज नव्हता, त्यामुळे कोणालाच कळलं नाही.

तिने पडदा आधी सासूपुढे धरला. दगडीबाईने कॅमेरा हातभर लांब धरून बराच वेळ बघितलं.

"हाई कोन वं?"

"तुम्हीच, आत्याबाई."

"मी अशी हासस?" दगडीबाईने गालावरून हात फिरवला. "माले तं कोनी सांगं बी नही."

मग कॅमेरा हातोहात फिरला. प्रत्येकाने आपला चेहरा शोधला आणि प्रत्येकाला तो सापडला. आबांनी तो दोनदा मागून घेतला आणि नानाची टोपी बघून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. सरिताला आता कुठे थांबायचं होतं? "आत्याबाई, आखो एक सुपारी," ती म्हणाली. सुपारी फुटली, फोटो निघाला. पुन्हा फुटली, पुन्हा निघाला. गंमत अशी की गुपित फुटलं होतं तरी अंग ऐकत नव्हतं. खट् झालं की खांदे सुटायचे, आणि आपण पुन्हा फसलो म्हणून माणसं आणखी हसायची. दुपारपर्यंत दगडीबाईच्या चंचीतल्या सगळ्या सुपाऱ्यांचा चुरा झाला होता.

"काम तुनं," आबा शेवटी म्हणाले. आणि मग जरा घुटमळून, "पन डबी देखीसन लोके इचारतीन, फोटोवाली कोठे शे?"

"इचारू द्या," सरिता म्हणाली. कालपासून चाललेली घालमेल कुठल्या कुठे गेली होती.

सोमवारी तिने मोठा कॅमेरा जगदीशभाऊंच्या टेबलावर ठेवला. त्यांना थोडं लागलं. बारा वर्षांचा सोबती नाकारला म्हटल्यावर कोणालाही लागेल. पण तिने सगळी हकिकत सांगितली आणि दगडीबाईचा फोटो दाखवला, तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून हसले.

"तीस वर्षं मी लोकांना हसा हसा म्हणून ओरडत राहिलो. खटका वाजला की माझं काम संपायचं. आणि हसायचे ते त्याच्या नंतर, होय ना?"

"नंतरच हसायचे, भाऊ."

कानबाईच्या आदल्या दिवशी दगडीबाईने अडकित्ता पुसून सुनेच्या हातात दिला. सरिता नको म्हणाली, तर ती म्हणाली, "लई जाय. मी सुपारी खलबत्तामा कुटी खासू."

रविवारी देवी बसली. देवी म्हणून मांडलेल्या नारळाला नथ चढली, घर भाऊबंदांनी गच्च भरलं, आणि रोटाच्या पंगतीत सरिता सुनेच्या हक्काने आत होती. डाव्या हातात अडकित्ता, उजव्या हातात डबी. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन बायका विसर्जनाला नदीकडे निघाल्या. पुढे डफ, पुढे फुगड्या, आणि सगळ्यांच्या पुढे उलट्या पावली चालणारी सरिता. खट्! सुरतेचे दीर सैल झाले. खट्! पुण्याची जाऊ गॉगल काढून हसली. फोटोवाली कोठे शे, असं कोणी विचारलं नाही. लहान पोरंसुद्धा तिला खटकावाली म्हणून हाका मारायला लागली होती आणि कुंदन ते ऐकून छाती काढून चालत होता.

नदीवरून परत येताना दगडीबाईने तिला वडाखाली थांबवलं. "दे इकडे," म्हणून कॅमेरा काढून घेतला, अडकित्ताही घेतला. "तुना एक बी फोटो नही शे यामा. जाय, हुभी ऱ्हाय."

सरिताने कुठलं बटण ते दाखवलं आणि जाऊन उभी राहिली. नऊ वर्षं जिने ताठ माणसं पाहून कपाळाला हात लावला, ती स्वतः झाडासारखी ताठ उभी राहिली. हनुवटी वर, हात अंगाशी, श्वास धरलेला.

खट्!

सरिताने श्वास सोडला, आणि सोडता सोडता तिच्या ध्यानात आलं की आपण फसलो. ती ओरडली, वाकली, तोंडावर हात घेऊन हसत सुटली.

तो फोटो कानबाईच्या अल्बममध्ये शेवटच्या पानावर आहे. वाकडा आलाय, डावीकडे आबांची अर्धी टोपी कापली गेलीय आणि एका कोपऱ्यात दगडीबाईचं बोट आहे. सरिताने त्यात काहीही दुरुस्त केलेलं नाही.