मुलीचा बुद्ध्यांक

माझ्या मुलीला सहाव्या वर्षी अपस्माराचा पहिला झटका आला आणि आठव्या वर्षी बुद्धीचा आकडा मिळाला. तो उल्हासनगरच्या एका मानसतज्ज्ञ बाईंनी काढला. आकडा कमी होता. खाली त्यांनी लिहिले होते : फार अपेक्षा ठेवू नयेत. कागद मी प्लास्टिकमध्ये बंद करून घेतला. ऐंशीच्या दशकात आम्हा अंबरनाथच्या कारखान्यांतील अधिकाऱ्यांना लेखी पुराव्याचा फार आदर असे.

माझ्याकडे मोजमापाची उपकरणे तपासण्याचा विभाग होता. साहजिकच आकड्याशी मी वाद घालत नसे. दर जूनमध्ये नव्या वर्गशिक्षिकेला मी तो कागद दाखवी. बाई हळहळत, मुलीला मागच्या बाकावर बसवत आणि वर्षभर तिला एकही प्रश्न विचारत नसत. वर्षअखेरीस गुण कागदाशी जुळत. याला मी पडताळा समजत होतो.

नववीत डॉक्टरांनी जुनी गोळी हळूहळू थांबवून दुसरी सुरू केली. झटके विरळ झाले. मुलगी दुपारी झोपेनाशी झाली, उलट प्रश्न विचारू लागली. हे नव्या गोळीचे दुष्परिणाम असावेत, अशी तक्रार मी डॉक्टरांकडे केली.

दहावी ती बऱ्या गुणांनी पास झाली. विज्ञान शाखेचा अर्ज तिने स्वतःच भरला. पालकाच्या सहीची जागा तेवढी रिकामी होती.

"तुझ्यासाठी बदलापूरचा शिवणवर्ग पाहून ठेवला आहे," मी म्हणालो.

"का?"

मी कागद काढला.

"बाबा, तुमच्याकडचा मायक्रोमीटर किती दिवसांनी तपासता?"

"सहा महिन्यांनी."

"मला आठ वर्षं झाली."

स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली, "अहो, मायक्रोमीटर संपले की हिचाही नंबर लावा."

त्याच मानसतज्ज्ञ बाईंकडे गेलो. नवा आकडा बराच वर होता. कोणता चुकला, असे मी विचारले.

"एकही नाही," बाई म्हणाल्या. "तेव्हा झटके होते, गोळीची गुंगी होती, शाळा बुडत होती. त्या दिवशी मुलगी तशी होती. आज अशी आहे. आजार बळावला तर हा आकडाही उतरेल."

असे बेभरवशाचे मोजमाप माझ्या विभागात आले असते, तर शेरा मारून परत पाठवले असते. येथे शेरा कोणावर मारायचा, हे मला कळत होते. मी अर्जावर सही केली.

अकरावीच्या पहिल्याच चाचणीत ती पदार्थविज्ञानात नापास झाली. मी तिला रागावलो. अभ्यासावरून रागावण्याची ती माझी पहिलीच वेळ; त्यापूर्वी तसे कारणच मी ठेवले नव्हते. झटका येतो की काय, म्हणून पत्नी दाराशी येऊन उभी राहिली. आला नाही. मुलीने मान खाली घालून सगळे ऐकून घेतले.

मी थांबलो, तशी म्हणाली, "अजून बोला."