नकाशातला दुसरा रस्ता

धानोऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधला लाइनमन देवराव रामटेके सहसा आवाज चढवायचा नाही. पण २००८च्या जूनमधल्या त्या दुपारी त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. रस्ता रुंद करणाऱ्या मशीननं गडचिरोलीकडे जाणारी केबल तोडली होती. गावातले फोन मुके झाले आणि रईसच्या सायबर कॅफेतले कॉम्प्युटर नुसते उजेड पाडत बसले.

आता इंटरनेटची करामत म्हणे हीच, की एक रस्ता तुटला तर यंत्र आपणहून सगळे निरोप दुसऱ्या रस्त्यानं वळवतं. गडचिरोलीहून आलेल्या साहेबांनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून तो दुसरा रस्ता दाखवलाही. एक केबल लाल, डांबरी रस्त्यानं. दुसरी हिरवी, रांगीच्या जंगलातून.

"ट्रॅफिक हिरव्या लाइनवर वळायला हवं होतं," साहेब म्हणाले.

"वळंल कुठी, साहेब? जंगलाची परवानगी भेटली नाई म्हणून दोन्ही केबला एकाच नालीत गाडल्या ना तुमी! हे पाहा, दोन्ही तुटल्या."

साहेबांनी नकाशाची घडी घातली. "तपासणीच्या कागदावर सही तुझी आहे, देवराव."

ते खोटं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी याच साहेबांनी 'दिवाळीपर्यंत परवानगी येते, सही करून टाक' म्हटलं होतं, आणि रांगीच्या वाटेवर पाऊलही न टाकता देवरावनं ती खुर्चीत बसून ठोकली होती. मोठ्या शहरांना चार-चार रस्ते लागतात, धानोऱ्याला मात्र शाईनं काढलेला पुरतो! चीड कुणावर काढायची? त्या शाईत त्याचीही शाई होती.

केबल जोडायला संध्याकाळचे सात वाजले. घरी त्याची मुलगी रोशनी ओट्यावर बसलेली होती. नर्सिंगचा फॉर्म ऑनलाइन भरायची मुदत पाचला संपली होती.

"एक वाजताच्या बसनं गडचिरोलीले काऊन नाई गेली? तिथी तं नेट चालू होतं."

"रईसभाऊ म्हणत होता जा म्हणून. मीच नाई गेली." रोशनी फॉर्मचे कागद पिशवीत भरत होती. "तुमीच तं नेहमी सांगता ना बाबा, आपल्या गावाले दोन रस्ते हायेत, एक तुटला तं दुसरा चालते. म्हणून वाट पाहून राह्यली."