रविवारचा एक छर्रा

पापडी गावातले आमचे शेजारी रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आले की वाडीत एअरगन काढत. केळीच्या सोपटात काडेपेटी खोचून नेम धरत. छऱ्यांची डबी पुन्हा महागली, तेव्हापासून रविवारी एकच छर्रा. नेम इतका लांबे, की बायको ओरडे, "अहो, मारा एकदाचा, चहा निवला!" पण काडेपेटीला मधोमध भोक पडलेलं असे. मग केळीत रुतलेला छर्रा ते चाकूने अलगद काढून घेत.

मला वाईट वाटलं. मुंबईहून भरलेली डबी आणून दिली. हरखले. भराभर दहा बार केले. काडेपेटी कोरीच.

डबी बंद करून त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"घेऊन जा बाबा. ही जवळ असली, की मी नीट बघतच नाही."