टीव्हीच्या भोकातला भंडारा

टीव्हीवर निळा पडदा आणि त्यावर 'नो सिग्नल'. खाली सतरंजीवर पंचवीस-तीस धनगर मांडी घालून बसलेले. मी स्टुलावर उभा, मानेवरून घामाच्या धारा. दुपारचे पावणेतीन झाले होते आणि चारला मेंढरं उठणार होती.

"अप्पा, सकाळी तुमच्या दुकानात तर लागलं हुतं की," मागून रुक्मिण म्हणाली.

लागलं होतं. तेच तर माझ्या डोक्यात जात होतं.

माझं केजला टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पस्तीस वर्षं हेच केलं. त्या दिवशी सकाळी शटर उघडतोय तोवर ही बाई जीपमधून उतरून दारात उभी. डोक्यावर पदर, हातात टॅब. रुक्मिण जवळच्याच एका वाडीची सून. पशुसखीचं ट्रेनिंग घेतलेली. पशुसखी म्हणजे गावातल्या शेळ्या-मेंढ्यांचं औषधपाणी बघणारी, लशीची आठवण करून देणारी बाई. ट्रेनिंगमध्ये तिला टॅब मिळाला होता आणि त्यात लशीचा एक व्हिडिओ होता.

"ह्यो टीव्हीवर दिसला पायजे," ती म्हणाली.

"टॅबवर दिसतोय ना चांगला? मग टीव्ही कावून?"

"अप्पा, ह्यो बघायचा तर मानसाला खेटून बसावं लागतंय. मी सून हाय. सासऱ्यांच्या, चुलत सासऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसू का? टीव्हीवर लागला तर मी मागं हुबी राहून सांगंन."

मी टॅब हातात घेतला.

तिची अडचण खरी होती. पाऊस पडून कोवळं गवत फुटलं की मेंढरं हावऱ्यासारखी चरतात आणि पोटात विष होऊन मरतात. सकाळी उड्या मारणारं कोकरू संध्याकाळी आडवं. त्याला आंत्रविषार म्हणतात. लस आहे, पण ती आधी टोचावी लागते. मागच्या वर्षी रुक्मिणच्याच घरची अठरा मेंढरं आठवड्यात गेली होती. तरी वाडी लस घेईना. लस टोचली की मेंढी गाभ टाकते, असं वाडीतले सगळ्यांत वडीलधारे, तिचे चुलत सासरे भिवातात्या म्हणायचे आणि भिवातात्या म्हणतील ती पूर्व दिशा. जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी यायला तयार होते. पण लशीची बाटली एकदा फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते. दहा-वीस मेंढरांसाठी ते बाटली फोडणार नव्हते. आख्ख्या वाडीचा होकार त्यांना संध्याकाळपर्यंत हवा होता.

आता माझ्या कामाचं थोडं सांगतो. टॅबच्या चार्जिंगच्या भोकातूनच चित्र बाहेर काढता येतं. पण सगळ्याच टॅबमधून नाही. भोक दिसायला एकसारखं असतं. काहीतून नुसती वीज आत जाते, काहीतून चित्रही बाहेर येतं. लावून बघितल्याशिवाय कळत नाही. मी एक छोटा अडॅप्टर लावला, त्याला एचडीएमआय केबल जोडली. एचडीएमआय म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून नेणारी केबल. तिचं दुसरं टोक दुकानातल्या टीव्हीत खोचलं आणि चित्र आलं! रुक्मिणला रिमोटवरचं 'सोर्स'चं बटण दाखवलं, अडॅप्टर-केबल पिशवीत घालून दिली आणि विषय संपला, असं मला वाटलं.

दीड वाजता तिचा फोन.

"अप्पा, येईना."

"सोर्स दाबलं का?"

"दाबलं."

"परत दाब."

"अप्पा, बटनावरचं अक्षर पुसलं दाबून दाबून. तुमी या. मानसं बसलीत. मेंढरं सावलीला हायत तवर हायत."

दुपारच्या उन्हात मेंढरं झाडाखाली बसतात. तेवढाच धनगराला वेळ. मी जेवण अर्धवट टाकून गाडीला किक मारली. उपकार म्हणून गेलतो असं नाही. माझ्या दुकानात लागलेली वस्तू बाहेर लागत नाही, हे मला सहन होत नाही.

टीव्ही खंडोबाच्या मंदिरात होता. सभामंडपाच्या खांबाला टांगलेला, गाभाऱ्याकडे तोंड करून. कुणीतरी देणगी दिलेला. डिशचा डबा जुन्या तीन रंगी पिनांवर जोडलेला, म्हणून बाजूचं एचडीएमआयचं भोक कधी वापरलंच नव्हतं. मी केबल काढून घातली. दुसरी केबल लावून बघितली. टॅब बंद करून चालू केला. सोर्स तपासला. निळा पडदा काही हलेना.

"नाचता येईना अंगन वाकडं," मागून कोणीतरी बोललं. हशा पिकला.

मला तिडीक आली आणि मी स्टुलावरूनच जाहीर केलं, "बोर्ड गेलाय. दुकानात न्यावा लागेल."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. झालं, माणसं उठायला लागली. भिवातात्या काठी टेकत उभे राहिले. "चला. देवाच्याच मनात न्हाई."

रुक्मिणचं तोंड मला आजही आठवतं. ती रडली नाही. पदर सारखा केला आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अप्पा, आत बघितलं का तुमी?"

"कशात आत?"

"भोकात. आमाला ट्रेनिंगला पयल्याच दिशी शिकवलंय. जनावराचं तोंड उघडून, डोळा बघून, हात लावून मग रोग सांगायचा. लांबून न्हाई सांगायचा."

एवढ्या माणसांत! कान तापले माझे. पण मी बघितलंच नव्हतं. पस्तीस वर्षांच्या अनुभवाला बघायची गरज वाटत नाही, हाच तो अनुभवाचा रोग.

मोबाईलची बॅटरी लावून भोकात मारली. आत पिवळं जर्द.

"अहो, आत कचरा भरलाय नुसता!" मी ओरडलो.

"कचरा कुनाला म्हन्तो बे?" भिवातात्या गर्रकन वळले. "भंडारा हाय त्यो!"

तेव्हा ट्यूब पेटली. चंपाषष्ठीला, लग्न झाल्यावर, मेंढरं बाहेर काढताना, दरवेळी इथं येळकोट म्हणत मुठीमुठीनं भंडारा उधळतात. देवाची हळद ती. त्यात नवीन टीव्ही लावला तेव्हा त्याची पूजा करून चारी बाजूंनी बोटं ओढलेली. वर्षानुवर्षांची हळद त्या भोकात जाऊन दगडासारखी बसली होती. केबल आत गेल्यासारखी वाटायची, पण पिना टेकतच नव्हत्या. वाडीला बोल कशाला लावू? दसऱ्याला मीसुद्धा मीटरला हळदकुंकू लावतोच की.

"चुकलो तात्या," मी म्हणालो. "भंडाराच आहे. काढू का?"

"काढ. पर भुईवर सांडायचा न्हाई."

मग काम कसं झालं बघा. टीव्हीचा प्लग काढला. लोखंडी काही घालायचं नाही, पिना वाकतात. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकीचा ओलावा जातो. कडुलिंबाची काडी तासून घेतली आणि हळूहळू कोरलं, वरून मऊ ब्रश फिरवला. खाली भिवातात्या दोन्ही हातांची ओंजळ धरून उभे. सत्तरीचा माणूस, दहा मिनिटं हात हलला नाही. शेवटी चिमूटभर जमला. त्यांनी तो आपल्या कपाळाला लावला, माझ्या लावला आणि टॅबकडे वळले.

मी हात धरला. "तात्या, टॅबच्या पाठीला लावा. भोकात नको!"

पहिल्यांदाच हसले ते.

सव्वातीनला चित्र आलं. व्हिडिओ सात मिनिटांचा. दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यातला धनगर आपल्या कळपाबद्दल सांगत होता. संपल्यावर तात्या म्हणाले, "परत लाव." दुसऱ्यांदा लस टोचायची जागा आली तशी त्यांनी काठी उचलली. "थांबीव! ही कुठं टोचायली?"

रुक्मिणनं व्हिडिओ थांबवला. आख्ख्या पडद्यावर मेंढीची कातडी चिमटीत उचललेली आणि खाली सुई.

"कातड्याखाली, मामंजी. मासात न्हाई."

तात्या बोलले ते टीव्हीकडे बघतच. "आमच्या येळंला एकजन आलता. गाभन मेंढरं पळवून पळवून धरली, पाडली आन् मांडीत खुपसली सुई. लंगडली. सात-आठांनी गाभ टाकला. मी आपलं लशीला बोल लावीत बसलो."

"उद्या कुनी पळवायचं न्हाई," रुक्मिण म्हणाली. "वाघरीतच धरू. गाभन मेंढी मी सोता धरीन." वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी.

बाहेर मेंढरांचा आवाज सुरू झाला. तात्या उठले. "सांग तुझ्या डाक्टरला. पयली माझी धरायची."

दुसऱ्या दिवशी वाडीतली सगळी मेंढरं टोचून झाली. पावसाळ्यानंतर रुक्मिण दुकानात आली, चिकाचा खरवस घेऊन. यंदा पोटातल्या विषानं एकही कोकरू गेलं नाही, म्हणाली. मला फार बरं वाटलं. खरवस तिथंच उभ्यानं खाल्ला.

तेव्हापासून दुकानात टीव्ही आला की मी आधी बॅटरी मारून आत बघतो, मग तोंड उघडतो. पण एक गोष्ट मनातून जात नाही. पस्तीस वर्षांत 'बोर्ड गेला' असं मी लांबूनच किती जणांना सांगितलं असेल? त्यांची नावं आता आठवत नाहीत. आठवली तरी काय करणार, त्यांचे टीव्ही कधीच भंगारात गेले. त्यातले कितीतरी चांगले असतील.