खोट्या उपकाराचा चिंचोका

आमच्या घरी दिवेलागणीची प्रार्थना म्हणजे हजेरीच असायची. सासूबाई चटईवर बसायच्या. पुढ्यात पितळी गडू आणि शेजारी वाटीत चिंचोके. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून झालं की प्रत्येकानं एक चिंचोका उचलायचा, आज देवानं केलेला एक उपकार मोठ्यानं सांगायचा आणि चिंचोका गडूत टाकायचा. ही रीत सासूबाईंच्या वडिलांची. ते कळमेश्वरकडच्या खेड्यापाड्यांत पायी येशूची सुवार्ता सांगत हिंडायचे. माणूस देवाचं केलेलं लवकर विसरतो, त्याच्या हातात काहीतरी दिलं की आठवतं, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही तेव्हा वाडी गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आमचे हे ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून. ह्यांचा उपकार ठरलेला, "आज साहेब ओरडले नाहीत." साहेब ओरडले असतील त्या दिवशी, "आज साहेब थोडंच ओरडले." मी पडले शाळामास्तरीण. साध्या उपकाराला झालर लावल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. पण एखाद्या दिवशी कालचाच उपकार पुन्हा सांगितला, की सासूबाई डोळे मिटूनच टोला हाणायच्या, "काहून वं, कालचंच वरण आज वाढून राहिली देवाले?" मी तो नियमच धरून बसले. रोज ताजं पाहिजे.

सत्तरच्या दशकातल्या एका मे महिन्यात आमच्या पाच वर्षांच्या लेकीला टायफॉइड झाला. डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिल्या आणि मला बजावलं, "ताप उतरेपर्यंत पेज आणि मोसंबीचा रस, बस. पोळीचा तुकडासुद्धा नाही. आतडी आतून सोलली गेलीत, फाटली तर पोर हातची जाईल." मी घरी येऊन सासूबाईंना शब्दन् शब्द सांगितला. लेक दिवसभर पोळी मागायची. सासूबाई तिला जवळ घ्यायच्या, पण पोळी दिली नाही. ताप उतरेपर्यंत नाही म्हणजे नाही.

पहिले काही दिवस माझे चिंचोके गडूत पडत राहिले. कॅप्सूल मिळाल्या, पोरीनं पेज ओकली नाही, नळाला पाणी आलं. मग उपकार आटत गेले. बाहेर रस्त्यावर ट्रक भट्टीतून निघाल्यासारखे जायचे आणि आत पोरीचं अंग तसंच तापलेलं. तेराव्या दिवशी संध्याकाळी थर्मामीटर पाहिला. एकशे तीन. आमच्या घरात तो मीच पाहायची. सासूबाईंना त्यातली पाऱ्याची रेघ दिसत नसे आणि ह्यांचा हात थरथरायचा.

प्रार्थनेला बसलो. ह्यांनी साहेबांचं सांगितलं. टण्ण. सासूबाईंनी काहीतरी सांगितलं. टण्ण. माझ्या मुठीत चिंचोका घामानं भिजला. डोक्यात एकही उपकार नव्हता. खरं सांगायचं तर देवाशी माझा अबोलाच चालला होता.

"बोल वं," सासूबाई म्हणाल्या.

"आज..." मी म्हटलं, "आज पोरीचा ताप उतरला."

टण्ण.

सासूबाईंनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि रडायलाच लागल्या. मग गाणं सुरू केलं, चारही कडवी. ह्यांनी माझा हात दाबला. आता खरं कसं सांगू? सकाळी सांगू, असं ठरवलं. सकाळी मला सांगायचं नव्हतं, म्हणून कॅप्सूल आणायला बाहेर पडले. भित्र्या माणसाला बाहेरची कामं बरोबर सुचतात.

दहा वाजता परत आले. हे गोदामावर गेले होते. लेक भिंतीला टेकून बसली होती आणि सासूबाई तिचं तोंड पदरानं पुसत होत्या.

"दुधात कुस्करून देल्ली," त्या आनंदानं म्हणाल्या. "अर्धी पोळी खाल्ली लेकरानं! ताप उतरला न आता. अंग लागते गरम, पण ते उन्हायाचं असन."

कॅप्सूल तिथंच ठेवल्या. तशीच डॉक्टरांकडे धावत गेले. त्यांनी येऊन पोट दाबून पाहिलं. "आता करण्यासारखं काही नाही. संध्याकाळपर्यंत पोटावर हात ठेवून बसा. पोट फळीसारखं कडक झालं किंवा उलटी झाली, तर एक मिनिट थांबू नका, मोठ्या दवाखान्यात न्या." पोळी दिलीच का, हे त्यांनी मला विचारलं.

डॉक्टर गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मले समजलं नाही. ताप उतरला म्हटलं न तू?"

"नव्हता उतरला, आई. एकशे तीन होता. मला सांगायला काही नव्हतं, म्हणून..."

मला वाटलं, आता माझ्या माहेरापासून सुरुवात होईल. ती झाली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी गडू उचलला, चटईवर पालथा केला आणि चिंचोक्यांचा ढीग हातानं पसरला.

"यातला तुया कोणता वं?"

सगळे सारखेच तपकिरी. मला ओळखता येईना.

"नाही सुचलं तं जुनं सांगायचं होतं," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणता, कालचं वरण..."

"अवं, ते मजाक होय! देवाचं केलेलं काय आंबते काय? माया बाप पटकीच्या सालात महिनाभर एकच उपकार सांगे. पोरगं गेलं होतं त्याचं. तरी रोज म्हने, या पायांनी तू मले इथपर्यंत आणलं." मग आवाज खाली आला. "मजाक मीच केली. पोळीबी मीच देल्ली."

दुपारभर आम्ही दोघी पोरीच्या दोन बाजूंना बसलो. एकीचा हात पोटावर, दुसरीचा ओल्या फडक्यावर. हात दुखला की बदलायचा. सासूबाई एकेक चिंचोका उचलून जुनं सांगायच्या आणि गडूत टाकायच्या. विहिरीत पडलेला माझा दीर जिवंत निघाला ते, ह्यांच्या जन्माच्या वेळी सुईण चिखल तुडवत आली ते. मध्येच थांबून विचारायच्या, "कसं लागते?"

"मऊ आहे."

"नीट पाह्य. तुयावर भरवसा नाही माया."

तीन वाजता पोरीनं उचकी दिली. आम्ही दोघीही उठलो, सासूबाईंनी घमेलं पुढं केलं. उलटी झाली नाही. नुसतीच उचकी. मी पुन्हा हात ठेवला तेव्हा पोट कडक वाटलं. कितीतरी वेळानं कळलं, कडक झाली होती ती माझीच बोटं.

हे आले तेव्हा दिवेलागण झाली होती. पोट मऊच होतं. चटई अंथरली. मी थर्मामीटर लावला आणि वाचणार, एवढ्यात सासूबाईंनी तो माझ्या हातातून काढून ह्यांच्याकडे दिला. "तू वाच गा."

ह्यांनी थरथरत्या हातानं दिव्याजवळ धरला. "एकशे तीन."

ताप पुढं आठ दिवसांनी खरोखर उतरला. पण त्या संध्याकाळी तो एकशे तीनच होता आणि मी चिंचोका उचलला. "आज काही नवीन नाही," मी म्हटलं. "इथपर्यंत आणलंस. पोट मऊ आहे."

सासूबाईंनी हात लांब करून पोरीच्या पोटावर ठेवला, खात्री करून घेतली आणि मग मला मान हलवून परवानगी दिली.

टण्ण.