मावसाजींची टीव्हीतली बाग

टीव्हीवर बागकाम शिकवणाऱ्या माणसांना आमच्या मावसाजींइतकं झापणारा माणूस साऱ्या देशात सापडणार नाही, आणि तसं झापण्याचा इतका कमी अधिकार असलेलाही सापडणार नाही. मावसाजी म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. सिंचन विभागातून निवृत्त झाले आणि बालाघाटात आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे घर बांधून राहिले. तेव्हापासून सकाळच्या बागवानीच्या कार्यक्रमावर पाळत ठेवणं हीच त्यांची नोकरी झाली. आंघोळ, पूजा, चहा सगळं त्याच्या आत उरकायचं. मग बनियन-लुंगीवर, पण चष्मा लख्ख पुसून, ते टीव्हीसमोर बसत. तोंडी परीक्षा घ्यायला आलेल्या मास्तरांच्या चेहऱ्यावर असते तितकीच दया त्यांच्या चेहऱ्यावर असे.

कार्यक्रमात तिघं आळीपाळीने येत आणि तिघांनाही मावसाजींनी नावं ठेवली होती. एकाचं नाव ‘टोपी’. “स्टुडिओत टोपी घालून येते! बल्बाचं ऊन लागते का याले?” दुसरे कुणी कृषितज्ज्ञ होते. कुठल्याही रोगावर ते ‘उचित मात्रा में डालिए’ एवढंच सांगत, म्हणून ते ‘मात्रासाहेब’. “अरे बापा, उचित म्हणजे चमचा का घमेलं, ते तं सांग!” तिसरी एक हसरी बाई होती, ती झाडांना ‘बच्चा’ म्हणे. तिच्यावर त्यांचा विशेष राग. ती कढीपत्त्याच्या पानावरून बोट फिरवून ‘ये बच्चा आज थोड़ा उदास है’ म्हणाली, त्या दिवशी मावसाजी खुर्चीतून उठूनच उभे राहिले. “आपल्या लेकरायले मी कधी पुसलं नाही उदास हाय का म्हणून, अन् हे कढीपत्त्याले पुसून राह्यली! नखं पाहा तिचे! त्या नखाइले कधी माती लागली असन का?” सगळ्या कार्यक्रमावरच त्यांचा मूळ आक्षेप असा, की जाहिरातीच्या आधी बी पेरतात आणि जाहिरातीनंतर फूल दाखवतात. मधल्या काळात त्या झाडावर काय काय गुदरलं, हे कुणी सांगतच नाही. ही मतं ते कुठेही मांडत. लालबर्ऱ्याला एका लग्नात नवऱ्या मुलाच्या काकांना टोपीविषयी सांगता सांगता मंगलाष्टकं संपली, जेवणाची पंगत बसली, तरी मावसाजींच्या मुठीत अक्षता तशाच होत्या.

मग त्या कार्यक्रमात प्रेक्षकांचे फोन थेट घेऊ लागले. मावसाजी रोज फोन लावत आणि रोज तो लागत नसे. ज्या सकाळी लागला, त्या सकाळी मी मावशीला विरजण द्यायला गेले होते. समोर नेमकी ती हसरी बाई. मावसाजींनी घसा खाकरला, गाव सांगितलं, आणि तिची झडती घ्यायला तोंड उघडणार तोच तिनं विचारलं, “अंकलजी, पहले ये बताइए, आपके यहाँ क्या-क्या लगा है?”

मावसाजींनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर भिंतीपासून फाटकापर्यंत पक्कं सिमेंट होतं, त्यांनी स्वतः उभं राहून घालून घेतलेलं. तेव्हा मावशीने मोगऱ्यापुरती तरी माती सोडा म्हणून विनवलं होतं. “चिखल होते, साप येतेत,” एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला होता. आता काहीही ठोकून दिलं असतं तर बालाघाटात येऊन कोण बघणार होतं? पण खोटं बोलणं त्यांना जमेना.

“जी...” ते म्हणाले, “फर्श लगा है.”

मावशीने पदर तोंडाला लावला. आता ती बाई खदखदून हसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण ती हसली नाही. म्हणाली, “तो एक कोना तोड़िए, अंकलजी. मैंने भी अपनी छत के एक टूटे हुए कोने से शुरू किया था.”

हे सगळ्या गावाने ऐकलं. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर कुणीतरी विचारलं, “काय साहेब, फर्शीले पाणी घातलं का?” मावसाजी तिथूनच परत फिरले. पानठेला बंद झाला, टीव्हीही बंद झाला. ते नुसते खिडकीशी बसून राहत. शेवटी मावशी माझ्याकडे आली. तिचा चेहरा उतरला होता. “तू म्हणून पाहा ना त्याइले. भांडाले सांग त्या टीव्हीसंगं. घर कसं खायाले उठते मले.”

मी गेले, पण मला काही म्हणावंच लागलं नाही. अंगणाच्या कोपऱ्यात मावसाजी छिन्नी-हातोडा घेऊन बसले होते. मावशीही माझ्यामागून आली.

“काहून फोडून राह्यले?”

“पाइप पाहाचा हाय.”

“पाइप तिकडं कुठं हाय?”

“म्हणूनच पाहून राह्यलो.” मग मान वर न करता, हातोडा तसाच धरून त्यांनी विचारलं, “काय लावाचं?”

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला असं काही विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

“मोगरा,” मावशी म्हणाली. इतक्या झटकन, की ते उत्तर केव्हापासून तिच्या ओठांवर तयार असावं.

पहिला मोगरा मावसाजींनी ‘उचित मात्रा’ म्हणून घमेलंभर खत घालून जाळला. दुसरा शेजारची बकरी खाऊन गेली. त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत. तिसरा मात्र धरला. मग सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आला, वांगी आली, आणि सिमेंट दर महिन्याला थोडं थोडं मागे सरकू लागलं. टीव्ही पुन्हा सुरू झाला, पण परीक्षक नरमले होते. टोपीविषयी ते म्हणाले, “असू दे. टक्कल असन बिचाऱ्याले.” हसऱ्या बाईविषयी मात्र चकार शब्द नाही. ती आली की ते आवाज वाढवत आणि पुढे सरकून बसत.

मोगऱ्याला कळ्या आल्या तेव्हा त्यांनी नवा सदरा घातला आणि फोन लावला. तो लागलाही. पण समोर एक नवाच तरुण होता. मॅडमने कार्यक्रम सोडल्याचं त्यानं सांगितलं. मावसाजींनी एकदा दाराबाहेर मोगऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “कहीं देख रही हों तो उनसे कहिएगा, बालाघाट में फर्श टूट गया है.” त्या पोराला काही कळलं नाही. “जी, धन्यवाद,” म्हणून त्यानं फोन ठेवला.

“ऐकलं असन का तिनं?” मावसाजींनी विचारलं.

“ऐकलं असन,” मावशी म्हणाली, आणि ओंजळभर कळ्या त्यांच्यासमोर ठेवून तिनं सुईत दोरा ओवायला दिला.

परवा मी गेले तेव्हा मावसाजी फाटकाजवळ आंब्याचं रोप लावून नुकतेच हात धूत होते. परसवाड्याच्या बाजारातून आणलेलं, जेमतेम गुडघ्याएवढं. मावशी बघत उभी होती.

“आता या वयात आंबा! याच्या सावलीत कोण बसन?”

“बसन कोणीतरी,” मावसाजी म्हणाले. “तवरिक आपण बसू.” त्यांनी आतून दोन खुर्च्या आणल्या आणि रोपाच्या दोन बाजूंना मांडल्या. रोपाची सावली त्यांच्या चपलेपुरतीच पडली होती. मावसाजींनी पाय हळूच तिच्यात सरकवला, मग जरा मागे घेतला आणि मावशीला म्हणाले, “ये, तूही ठेव. जागा हाय.”