शेवंतीच्या हातचा काढा

शेवंती माझी धाकटी जाऊ. मुळगावात कुणाला ठसका लागला, घसा धरला, की तिच्याकडे धाव. पैसे घ्यायचे नाहीत, फार तर एक नारळ, असा सासूबाईंचा नेम. काढ्यात काय घालायचं ते एकाच सुनेला सांगायचं, हाही त्यांचाच नेम. आणि सांगितलं कुणाला? धाकटीला! मी, विनोदिनी, थोरली सून, तीन पोरांची आई, मी काय मेले होते? जळफळाट झाला माझा. खोटं कशाला सांगू?

गोवा राज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. कोकणी-मराठीवरून गावात माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. आम्ही दोघी तर त्याच्याही आधीपासून बोलत नव्हतो. एका अंगणात दोन चुली. सकाळी तिच्या पायरीवर खोकणाऱ्यांची रांग, माझ्या पायरीवर मांजर.

वर माझा सुदेश! खाणीवर ट्रक चालवायचा, धुळीने खोकायचा आणि तडक काकीकडे जायचा. कडू काढा गटागटा प्यायचा, वर तिच्याकडेच चहा-पाव. घरी आला की मी विचारायचे, "आई मेली काय रे तुझी?"

शेवटी एकदा न्हाणीच्या आडोशाला उभी राहून मी सगळं बघून घेतलं. अडुळसा, मिरी, सुंठ, गूळ आणि कुंपणाकडची पानओव्याची पानं. बस्स? एवढ्यासाठी एवढा तोरा? मी तस्साच काढा केला आणि शेजारच्या जयरामला दिला. तीन दिवसांत त्याचा खोकला पळाला. नारळ घेऊन आला माझ्या दारी! तो मी मुद्दाम तिच्यासमोर अंगणात सोलत बसले.

पुढच्याच आठवड्यात सुदेश खोकू लागला. "काकीकडे पाऊल टाकलंस तर बघ," म्हणत मी माझाच काढा दिला. आठ दिवस दिला. पोराची छाती कफाने भरली, कामावर जाणं बंद झालं. नवव्या दिवशी शेवंतीच दारात आली.

"वैनी, जयरामला काढा तुम्ही दिलात?"

"दिला. तुझी मक्तेदारी आहे काय?"

"तसं नाही. पण सासूबाई सांगायच्या, जो हात गावाला हे औषध देतो, त्याचा गुण पोटच्या पोराला येत नाही. म्हणून तर मला दिलं. मला कुठे पोर आहे?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. वीस वर्षं जिचा हेवा केला, तिला सासूबाईंनी रिकामी ओटी बघून निवडलं होतं. माझ्या पोरांसाठी.

"घेऊन जा त्याला," एवढंच म्हणाले.

चौथ्या दिवशी दुपारी सुदेश तिच्या पडवीत गाढ झोपला होता. ती वारा घालत होती. मला बघवेना, अजूनही बघवेना. तेवढ्यात जयराम आला, बायकोसाठी काढा मागायला, हातात शेंडीचा नारळ.

मी नारळाकडे बघितलं.

"तिच्याकडे जा," म्हटलं. "मला पोरं आहेत."